मुलांना घेऊन सेवेला जाताना: पालक पुन्हापुन्हा विचारतात ते प्रश्न

पुण्यातल्या बारा-पंधरा घरांचा आमचा गट आहे. महिन्यातल्या एका रविवारी मुलांना घेऊन कुठेतरी हातभार लावायला जायचं, एवढाच कार्यक्रम. कधी वृद्धाश्रम, कधी एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर, आषाढी वारीत पालख्यांचा मुक्काम, गणपतीत विसर्जन घाट. नवीन पालक आले की तेच ते प्रश्न येतात आणि मी फोनवर तीच ती उत्तरं देते. म्हणून एकदाची लिहून काढली. मी बालमानसतज्ज्ञ नाही. दोन मुलं वाढवली आणि बऱ्याच चुका केल्या, तेवढ्या अनुभवावर लिहिते आहे.

१. कितव्या वर्षापासून न्यायचं? माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. तिला काय कळणार?

कळायची वाट बघत बसू नका, हात आधी चालतात. जर्मनीत लाइप्झिगच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक माणूस दोन्ही हातांत मासिकांचा गठ्ठा घेऊन बंद कपाटावर धडकतो आणि अडून राहतो. तिथली दीड वर्षाची मुलं ओळखपाळख नसताना, कोणी न सांगता, उठून कपाटाचं दार उघडायला गेली. म्हणजे मदतीची ऊर्मी बोलणं नीट यायच्या आधीपासून असते. आपण ‘तू बाजूला हो, सांडशील’ म्हणून ती बंद पाडतो.

फक्त काम वयाला बेतलेलं हवं. तीन-चार वर्षांच्या मुलाला एकच वस्तू, एकच फेरी आणि अर्धा तास पुरे. पाच ते सात हे पंगतीचं वय. मीठ, लिंबाची फोड आणि पापड ही वाढपातली कामं जणू यांच्यासाठीच केलेली आहेत. वरणाची बादली मोठ्यांकडे. आठच्या पुढचं मूल हिशेब ठेवतं, वाचून दाखवतं, धाकट्यांना सांभाळून घेतं. २०१८च्या मे महिन्यात आम्ही पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेतल्या एका गावी श्रमदानाला गेलो होतो, तेव्हा माझी थोरली सहा वर्षांची होती. कुदळ-फावडं तिच्या आवाक्यातलं नव्हतं, पण माणसांच्या साखळीतून रिकामी घमेली मागे पाठवायचं काम तिनं उन्हं तापेपर्यंत केलं.

आणि कधी कधी मुलाचं लहानपणच उपयोगी पडतं. पालख्या पुण्यात मुक्कामी असतात तेव्हा भवानी पेठ आणि नाना पेठेतल्या गल्ल्यांत वारकरी बायका पिशव्यांचे बंद शिवत बसतात. सुईत दोरा ओवायचा म्हटला की त्यांचे डोळे साथ देत नाहीत. आमच्यातला पाच वर्षांचा एक मुलगा जीभ बाहेर काढून ओळीनं अकरा सुया ओवत बसला होता. त्याच्या बापाला एकही जमली नाही.

२. पैसे किंवा कपडे दिले तर नाही का चालत? तीही मदतच ना?

मदतच आहे, संस्थेला ती लागतेच, जरूर द्या. पण मुलासमोर तुम्ही मोबाइलवरून दोन हजार रुपये पाठवता तेव्हा त्याला फक्त ‘टिंग’ ऐकू येतं. आईनं रिचार्ज केला की संस्थेला देणगी दिली, यातला फरक त्याला कसा दिसणार?

लहान मुलाला देणं हाताला लागावं लागतं. आमच्याकडे चालतो तो उपाय जुनाच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या बाया रोज स्वयंपाकाआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. मुष्टिफंड म्हणतात तो हा. तसा एक डबा ओट्यावर ठेवा. रोज कुकर लावायच्या आधी मुलानं आपल्या मुठीनं तांदूळ त्यात टाकायचे. मी एकदा वजन केलं. चार वर्षांच्या मुठीत बारा-चौदा ग्रॅम मावतात, म्हणजे महिन्याचे अर्धा किलोसुद्धा होत नाहीत. तेवढ्या तांदळानं वसतिगृहाचं काही भागत नाही, हे मलाही कळतं. पण महिनाअखेरी मूल स्वतःचा डबा तिथल्या पिंपात रिकामा करतं आणि त्याच पिंपातला भात शिजताना बघतं. तो डबा आणि ते पातेलं यांचा संबंध मग कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

३. आम्ही दोघंही नोकरी करतो. रविवार एकच मिळतो. किती वेळ द्यावा लागेल?

महिन्यातून एकदा, दीड तास. त्याहून जास्तीचं ठरवलंत तर तिसऱ्या महिन्यात बंद पडेल. एक अट मात्र पाळा: जागा एकच धरा. दर वेळी नवी संस्था म्हणजे सहल होते. त्याच त्या जागी गेलं की मुलाला नावं कळतात, चपला कुठे काढायच्या ते कळतं, कुठल्या आजोबांना मोठ्यानं बोललेलं ऐकू येतं ते कळतं. दहाव्या भेटीला आमचा धाकटा न विचारता थेट ताटं पुसायला गेला, पण त्याला नऊ भेटी जाव्या लागल्या.

४. मुलाचा वाढदिवस अनाथाश्रमात करायचा विचार आहे. छान वाटेल ना?

तुम्हाला वाटेल. मीही केलाय, म्हणून सांगते.

थोरलीचा चौथा वाढदिवस. केक, टोप्या, फुगे घेऊन आम्ही एका बालगृहात गेलो. आमचे पाहुणे वाहतुकीत अडकले म्हणून चाळीस मुलं पाऊण तास रांगेत मांडी घालून बसली होती. केककडे बघत. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवून गाणं म्हटलं. त्यांना चाल, टाळी, कुठे थांबायचं, सगळं तोंडपाठ होतं, कारण त्याच आठवड्यातला तो तिसरा वाढदिवस होता. एका मुलीनं माझ्या लेकीला विचारलं, ‘तुझा वाढदिवस कधी असतो ते तुला कसं कळतं?’ तिला स्वतःची जन्मतारीख माहीत नव्हती. माझी लेक माझ्याकडे बघायला लागली. माझ्याकडेही उत्तर नव्हतं. चूक त्या संस्थेची नव्हती, आमची होती.

आता आम्ही काय करतो? वाढदिवस घरीच होतो. त्या महिन्याच्या फेरीत मूल वाढदिवसाचं म्हणून एक काम जास्तीचं करतं, उदाहरणार्थ सगळ्यांना लाडू स्वतःच्या हातानं वाढतं. लाडू कशाबद्दल हे तिथे सांगायचं नाही. संस्थेला आधी फोन करून विचारा, ‘या महिन्यात कशाची नड आहे?’ बहुतेक वेळा उत्तर येतं: अंगाचा साबण, खोबरेल तेल, मुलींसाठी सॅनिटरी पॅड, वह्या. केक असं उत्तर मला अजून आलेलं नाही.

५. फोटो काढले तर काय बिघडलं? इतरांनाही प्रेरणा मिळते.

बालगृहात तर कायदाच आडवा येतो. बाल न्याय अधिनियम २०१५च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असा फोटो किंवा माहिती प्रसिद्ध करायला मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्टेटसला टाकलेला फोटोही प्रसिद्धच असतो.

बाकी ठिकाणी कायदा नसेल, पण मूल बघत असतं. ताट हातात देताना आई क्षणभर थांबली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली, हे त्याच्या लक्षात राहतं. आमच्यात नियम आहे: दीड तास सगळे फोन एका पिशवीत, पिशवी गाडीत. आठवण म्हणून हवं असेल तर घरी येऊन मुलाला चित्र काढायला सांगा. माझ्याकडच्या निम्म्या चित्रांत संस्थेतलं मांजरच आहे.

६. खेळणी वाटून टाकू म्हटलं की मुलगी रडून गोंधळ घालते. जबरदस्ती करावी का?

नको. जबरदस्तीनं काढून घेतलेली वस्तू म्हणजे तिच्या लेखी चोरीच. काय द्यायचं ते तिलाच ठरवू द्या. ‘काहीच नाही’ हे उत्तरही एखाद्या वेळी चालवून घ्या.

मात्र तुटक्या बाहुल्या आणि चाकं गेलेल्या गाड्या गोळा करून ‘गरीब मुलांना देऊ’ असं कधीही म्हणू नका. त्यातून मूल शिकतं ते असं, की आपल्याला नको ते त्यांना चालतं. मोडकं असेल ते कचऱ्यात किंवा भंगारात जाऊ दे. कॅनडात लारा ॲक्निन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षांच्या आतल्या मुलांवर प्रयोग केला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. स्वतःच्या वाडग्यातला खाऊ बाहुलीला देताना मुलांचे चेहरे, तसाच पण प्रयोग करणाऱ्यांनी वेगळा दिलेला खाऊ देतानाच्या चेहऱ्यांपेक्षा जास्त खुललेले दिसले. आपल्याकडे ‘एक तीळ सात जणांनी वाटून खावा’ म्हणतात, त्यातला तीळही आपलाच असतो, उरलेला नव्हे.

(मूल उलट सगळंच वाटत सुटत असेल तर प्रश्न १२ पाहा.)

७. काम केल्यावर चॉकलेट किंवा स्टार दिला तर उत्साह टिकेल का?

उलट होण्याचीच शक्यता जास्त. वर उल्लेख केलेल्या वार्नेकेन-टोमासेलो जोडीनेच २००८ मध्ये वीस महिन्यांच्या मुलांवर हे करून पाहिलं. मदतीबद्दल ज्यांना खेळण्याचं बक्षीस मिळत गेलं, ती मुलं नंतर बक्षीस बंद झाल्यावर इतरांपेक्षा कमी मदत करायला लागली.

मग बोलायचं काय? जे घडलं ते सांगा. ‘किती गं शहाणी माझी बाई!’ यापेक्षा ‘तू लिंबू वाढलंस ना, त्या काकांनी मागून घेतलं बघ’ हे बरं. सर्टिफिकेटं आम्ही देत नाही. शाळेला पुराव्याचा कागद हवा म्हणून येणाऱ्या पालकांना मी नम्रपणे दुसरा गट शोधायला सांगते.

८. वृद्धाश्रमात मुलगा मोठ्यानं म्हणाला, ‘इथे शीचा वास येतोय.’ मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पहिल्या फेरीत हे होतंच. त्याच्या तोंडावर हात ठेवू नका आणि त्याच्या वतीनं दहादा माफीही मागू नका. ‘हो, येतोय. इथल्या काही आजींना उठून जाता येत नाही, म्हणून ताई येऊन स्वच्छ करतात’ एवढं खालच्या आवाजात पुरतं. आमच्या बाबतीत एक आजीच हसून म्हणाल्या, ‘खरं बोलतोय की पोरगं.’ निघायच्या आधी घरीच सांगून ठेवलं तर अर्धा प्रश्न सुटतो: तिथे काय दिसेल, कसला वास येईल, कोणी अचानक हात धरेल, कोणी रडेल. आणि एखाद्या अनोळखी माणसानं पापा घेतलेला नको असेल तर नाही म्हणायची त्याला मुभा आहे, सेवा असली तरी.

९. सिग्नलला मूल भीक मागताना दिसतं आणि आमची विचारते, ‘आई, त्याला का नाही द्यायचं?’

या प्रश्नाचं गुळगुळीत उत्तर माझ्याकडे नाही. लहान मुलांना पुढे करून भीक मागवली जाते, पैसे त्यांच्याकडे राहत नाहीत, म्हणून आम्ही पैसे देत नाही. बिस्किटाचा पुडा गाडीत असतो, तो देतो. पण काच वर करून समोर बघत बसणं मला पटत नाही. नाही द्यायचं तर नाही, पण त्याच्याकडे बघून मान हलवून सांगा. एखादं मूल एकटं, घाबरलेलं, संकटात दिसलं तर १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर फोन करा, आणि तो मुलासमोर करा. आपल्याला एवढं करता येतं हे तिलाही कळू दे.

१०. सासूबाई म्हणतात, ‘आपल्या मुलांच्या हातात झाडू कशाला देता?’ त्यांना काय सांगू?

वाद घालू नका, गाडगेबाबांचं नाव काढा. १८७६ साली अमरावतीकडच्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी रस्ते झाडायचा आणि रात्री कीर्तन करायचा. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीनं त्यांच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. एकदा विषय निघाला की सासूबाईच नातवंडांना गोष्ट सांगायला बसतील.

दुसरा उपाय म्हणजे त्यांना सोबत न्या. पंगतीत कुठे काय वाढायचं, मीठ वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, हे आमच्यातल्या कुठल्या आईबापाला धड येत नव्हतं. एका आजींनी ते मुलांना शिकवलं. आता त्या आमच्या आधी तयार होऊन बसतात.

११. मूल बाहेर सेवा करतं आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींशी उर्मटपणे बोलतं. असं कसं?

असं आपल्यामुळे. त्यांचा चहाचा कप वेगळा आहे का? त्या जमिनीवर बसतात आणि आपण खुर्चीत? मुलाला ‘अहो मावशी म्हण’ असं सांगून आपण ‘ए, इकडे ये’ म्हणतो का? या प्रश्नांची उत्तरं नको ती आली तर चार महिने संस्थेत गेला नाहीत तरी चालेल. आधी कप बदला. मुलानं स्वतःचं ताट उचलून, खरकटं काढून मोरीत ठेवणं, ही मावशींना होणारी पहिली मदत. घरातलं काम हा सेवेचा भाग धरावा का, असंही विचारतात. माझं मत, नको. ते घरात राहण्याचं भाडं आहे.

१२. आमचा मुलगा सगळंच देऊन टाकतो. डबा, पट्टी, परवा नवा रेनकोट. रागवावं का?

आधी शोध घ्या. कधी कधी मूल दोस्ती विकत घेत असतं, किंवा कोणी दमदाटीनं काढून घेत असतं आणि ‘मी दिलं’ हे झाकणं असतं. शिक्षकांशी बोला. तसं काही नसेल तर हळूच सीमा आखा: जे फक्त तुझं आहे ते तू ठरव, जे घरानं तुझ्यासाठी घेतलंय ते विचारून दे. रेनकोट परत मागायला जाऊ नका. पण लगेच दुसराही आणू नका. आमच्याकडे अशाच एका प्रसंगी आठवडाभर बाबांची मोठी छत्री वापरली गेली. देण्याची किंमत त्याला कळली आणि देणं थांबलंही नाही.

१३. ‘आपण किती चांगले’ असा रुबाब मुलात यायला लागलाय. काय करावं?

हा मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो, आणि फार थोडे जण विचारतात.

मुलाच्या मनात ‘देणारे आम्ही, घेणारे ते’ अशी रेघ पक्की व्हायला दोन-तीन फेऱ्या पुरतात. ती पुसायची तर मुलाला तिथून काही घ्यायलाही लावा. वृद्धाश्रमातल्या आजोबांकडून बुद्धिबळ शिकू दे, वसतिगृहातल्या ताईकडून झाडावर चढायला. तिथलाच भात तिथल्याच पंगतीत बसून खाऊ दे. घरून डबा नेऊन बाजूला बसून खाऊ नका, कितीही स्वच्छतेची काळजी असली तरी.

आमचा धाकटा वारीत पाणी वाटत होता. एका वृद्ध वारकऱ्यानं पेला परत दिला, ‘माउली’ म्हणाला आणि वाकून या साडेपाच वर्षांच्या पोराच्या पायाला हात लावला. पोरगं दचकून माझ्यामागे लपलं. रात्रभर एकच प्रश्न: ‘आजोबा माझ्या पाया का पडले? मी तर लहान आहे.’ मी म्हटलं, ते सगळ्यांच्याच पडतात, आणि तूही पडायचं. दुसऱ्या दिवशी यानं पाणी देताना प्रत्येकाला वाकून नमस्कार घातले, निम्मं पाणी सांडलं.

१४. ज्या आजींकडे मुलगी दर महिन्याला जायची, त्या गेल्या. सांगायचं का?

सांगायचं, आणि तिथे जायच्या आधी घरी सांगायचं. रिकामी कॉट बघून कळणं फार वाईट असतं. ‘देवाघरी गेल्या’ म्हणा किंवा ‘वारल्या’ म्हणा, पण ‘गावाला गेल्या’ म्हणू नका. ती परतीची वाट बघत राहील. त्या महिन्याची फेरी चुकवू नका. आमच्यातली एक सात वर्षांची मुलगी ज्या आजींना पेपर वाचून दाखवायची त्या गेल्यावर कॉटजवळ जाऊन थोडी उभी राहिली, मग शेजारच्या आजींना विचारलं, ‘तुम्हाला वाचून दाखवू?’ त्या म्हणाल्या, ‘मला नको, मला गप्पा मार.’ झोप, भूक यांवर काही आठवडे परिणाम दिसत राहिला तर मात्र समुपदेशकांकडे जा.

१५. कुठे मुळीच नेऊ नये?

इस्पितळाच्या वॉर्डात लहानांना नको, त्यांच्यासाठीही आणि रुग्णांसाठीही. घरात कोणाला सर्दी-ताप असेल तर वृद्धाश्रमाचीही फेरी रद्द. विसर्जनाला घाटावर निर्माल्य वेगळं करायला मुलं चालतात, फुलं एकीकडे, प्लॅस्टिक आणि दोरे एकीकडे. पण पाण्यापासून लांब आणि दर दोन मुलांमागे एक मोठा माणूस. रक्तदान अठरा वर्षांनंतरच, तरी शिबिरात रक्त देऊन आलेल्यांना बिस्किट-सरबत द्यायला लहान हात चांगले. पूर, अपघात अशा जागी ‘बघायला’ म्हणून तर कधीच नाही.

१६. आम्ही भारताबाहेर राहतो. इथे काय करता येईल?

अमेरिकेत अनेक शहरांतल्या फूड बँकांत कुटुंबांसाठी खास वेळा असतात, वयाची अट प्रत्येक ठिकाणी वेगळी, आधी विचारून घ्या. महाराष्ट्र मंडळाचा गणपती असेल तर जेवणानंतरची आवराआवर मुलांना द्या. नाचाच्या कार्यक्रमाला सगळे येतात, खुर्च्या उचलायला चौघेच उरतात. बाकी सगळं प्रश्न ३ सारखंच.

१७. सहा महिने छान गेले, आता मुलगी म्हणते, ‘मला नाही यायचं.’

कारण विचारा. बहुतेक वेळा ते साधं असतं: कंटाळा, त्याच वेळी मैत्रिणीकडे खेळ, एखाद्या आजींची भीती. काम बदलून बघा. तरी नाही म्हणाली तर एक-दोन महिने राहू दे, पण तुम्ही जात राहा. माझ्या थोरलीनं आठव्या वर्षी अशीच सुट्टी घेतली होती. तीन रविवार मी आणि धाकटा दोघंच गेलो. चौथ्या वेळी ती दारात चपला घालून उभी होती. म्हणाली, ‘मी फक्त मांजराला भेटायला येतेय.’